उपकारस्तुती आणि तक्रार

(मुलींच्या वसतिगृहांत काम करणाऱ्या अधीक्षिका आणि कार्यकर्त्यांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)

मला बोलावताना सांगितलं होतं, 'धर्म आणि मुलींचं वसतिगृह' यावर बोला. विषय एवढा मोठा की संध्याकाळपर्यंत बोलत राहिले तरी पुरायचा नाही. म्हणून मी तो कापून लहान केला आहे. एकाच खोलीबद्दल बोलते. बोर्डिंगमधलं चॅपल. तिथे आम्हाला रोज काय सांगितलं जायचं, त्यातलं काय अंगाला लागलं आणि काय गळ्याशी आलं, एवढंच.

मी नगर जिल्ह्यातली. अहमदनगर म्हणायची जिभेला सवय आहे, २०२४ पासून ते अहिल्यानगर झालं. आमचं घर आजीच्या पिढीत ख्रिस्ती झालं, त्याआधी आम्ही महारवाड्यात. १९६७ ते १९७४ अशी सात वर्षं मी मिशनच्या एका मुलींच्या बोर्डिंगमध्ये काढली. बोर्डिंगचं नाव सांगणार नाही. नाव घेतलं की सगळी चर्चा त्या एका जागेची होते आणि बाकीच्या जागा सुटतात. शिवाय मला जे सांगायचं आहे ते एका शाळेपुरतं नाही, हे तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

सकाळी साडेसहाला घंटा व्हायची. दोन गीतं, शास्त्रपाठ, दहा मिनिटांचा बोध, प्रार्थना. रविवारी मोठी उपासना, पाळकसाहेब यायचे आणि पाऊण तास बोलायचे. लहान मुली पुढे सतरंजीवर, मोठ्या मागे बाकांवर. मी एकदा बसून हिशेब केला. सात वर्षांत मी दीड हजाराच्या वर उपदेश ऐकले. कीर्तनकाराच्या बायकोनेसुद्धा एवढे ऐकले नसतील! आणि त्यातले निम्म्याहून जास्त दोनच गोष्टींवर होते. देवाचे उपकार माना, आणि विश्वास ठेवा.

आता आधी जमेची बाजू. ती मी आटोपती घेणार नाही, कारण हल्ली ती बोलायची कुणाला लाज वाटते तर कुणाला भीती.

ज्या काळात आमच्या मुलींना सवर्णांच्या शाळेच्या ओट्यावर कुणी उभं केलं नसतं त्या काळात नगरला मुलींच्या शाळा होत्या. सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आली, लग्न न केलेली, एकटी. १८३९ पासून ती नगरला होती आणि १८६२ मध्ये इथेच वारली. जोतीराव फुल्यांनी तिच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. माझी आजी वाचायला शिकली ती मिशनमुळे. माझ्या आईला दवाखान्यात नोकरी मिळाली ती मिशनमुळे. हे खरं आहे आणि त्याबद्दल मला काडीचाही संकोच नाही.

दुसरी जमेची बाजू चॅपलचीच आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आमच्याकडे प्रार्थना पाठ केलेली नसायची. पाळीपाळीने एकेका मुलीने उभं राहून, मनातून, मोठ्याने प्रार्थना करायची. बारा वर्षांची मुलगी दीडशे जणींसमोर उभी राहते, डोळे मिटते आणि वाक्यामागून वाक्य जोडत जाते, कोणी हसत नाही, कोणी मध्ये तोडत नाही, शेवटी सगळ्याजणी 'आमेन' म्हणतात. पुढे मी संघटनेत आले, मोर्च्यात बोलले, तहसीलदारासमोर बोलले. बरोबरच्या मैत्रिणी विचारायच्या, तुला माइकची भीती कशी वाटत नाही? अगं, मी बाराव्या वर्षापासून देवाशी जाहीर बोलत होते, तहसीलदार कोण लागून गेला!

तर ही झाली जमा. आता खर्चाकडे येते.

आमच्या ख्रिस्ती मराठीत एक शब्द आहे, 'उपकारस्तुती'. वर्षातून एकदा उपकारस्तुतीचा सण असतो. घरोघरून धान्य, भोपळे, कोंबडी, अंडी चर्चमध्ये आणतात, त्याचा लिलाव होतो, मोठी मजा असते. शब्दही गोड आहे. पण त्याच्या पोटात 'उपकार' आहे, आणि उपकार हा शब्द मराठीत कसा वागतो ते बघा. उपकाराखाली माणूस दबतो. उपकाराचं ओझं होतं. उपकार फेडावे लागतात, आणि फेडले नाहीत तर कोणीतरी ते काढून दाखवतं. म्हणजे उपकार हे आमच्या भाषेत कर्जच आहे. सावकाराच्या वहीत त्याचं पान असतं एवढंच म्हणायचं बाकी.

'कृतज्ञता' हा शब्द त्यापेक्षा किती मोकळा! कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कोणी काय केलं हे जो जाणतो तो कृतज्ञ. यात मान खाली घालण्याची अट नाही. उलट डोळे उघडे ठेवून नीट बघण्याची अट आहे, कारण बघितल्याशिवाय जाणणार कसं? नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द तर आणखी वेगळा. युखारिस्तिया. त्याच्या आत 'खारिस' आहे, म्हणजे कृपा, फुकट दिलेली देणगी. जे फुकट दिलंय त्याची वसुली कशी करणार? आम्हाला मात्र चॅपलमध्ये कृपा शिकवली देवाची आणि वसुली व्हायची ती कमिटीची.

ही वसुली कशी चालायची ते सांगते.

आमच्यापैकी बऱ्याच मुलींना परदेशात 'पालक' होते. म्हणजे तिकडचं एक कुटुंब दर महिन्याला एका मुलीसाठी पैसे पाठवायचं. मुलीचा फोटो, त्याखाली नंबर, असं कार्ड असायचं. वर्षातून तीनदा आभाराचं पत्र लिहायचं. फळ्यावर मजकूर लिहून दिलेला असे: मी सुखात आहे, मला चांगलं जेवण मिळतं, मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते. खाली फूल काढायचं. आमच्यातल्या एकीने एकदा फुलाच्या जागी विहीर काढली आणि लिहिलं की पाणी आटलंय, आम्ही तीन मैलांवरून आणतो. १९७२ च्या दुष्काळातली गोष्ट. तो तांबडा मिलो तुमच्यातल्या वयस्क बायांना आठवत असेल. पत्र परत आलं, फाडलं गेलं, आणि तिला नवीन कागद देऊन पुन्हा फूल काढायला लावलं. आता विचार करा, त्या तिकडच्या बाईला विहिरीचं कळलं असतं तर तिने कदाचित विहिरीसाठीही पैसे पाठवले असते. म्हणजे आभाराने मुलींचं तोंड बंद झालंच, देणारीलाही काही दिसू दिलं नाही.

या सगळ्याचा धर्मग्रंथ होता लूकच्या सतराव्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट. ज्या मैत्रिणींना ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दहा कुष्ठरोगी लांब उभे राहून येशूला हाका मारतात, आमच्यावर दया कर. तो म्हणतो, जाऊन याजकांना दाखवा. ते निघतात आणि वाटेत बरे होतात. त्यातला एक परत येतो, पाया पडतो, आभार मानतो. तो शोमरोनी असतो, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका, हलका. येशू विचारतो की बाकीचे नऊ कुठे आहेत. संपली गोष्ट. वर्षातून सहा-सात वेळा तरी आम्ही ती ऐकायचो, आणि प्रत्येक वेळी पाळकसाहेब बोट पुढे करून विचारायचे, मुलींनो, तुम्ही त्या एकातल्या की नवातल्या?

मी दहावीला असताना हा प्रश्न एका मुलीला उद्देशून विचारला गेला. ती माझ्याहून एक वर्षाने मोठी. आईबाप ऊसतोडीला जाणारे, ती आमच्यात सगळ्यात हुशार. बोर्डिंगचा हिशेब बघणारे एक गृहस्थ होते, कमिटीतले, मोठ्या वयाचे. कोठीतून साबण-तेल देताना ते मुलींच्या अंगाशी येत. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि आम्ही दोघीदोघी जायचो. ती एकटी सापडली. तिने दुसऱ्या दिवशी सरळ मोठ्या बाईंकडे जाऊन सांगितलं. काय झालं, कुठे हात लावला, सगळं. बाई म्हणाल्या, बघते. त्या वाईट नव्हत्या. पण त्यांची नोकरी, त्यांची खोली, त्यांच्या भावाचं शिक्षण, सगळं त्याच कमिटीच्या हातात.

त्या रविवारी उपासनेत दहा कुष्ठरोगी आले. पाळकसाहेबांनी कोणाचं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, ज्यांनी अन्न दिलं, वस्त्र दिलं, त्यांच्यावर चिखल उडवणारी जीभ ही नवांचीच जीभ. चॅपलमध्ये दीडशे मुली होत्या आणि दीडशे डोकी एकाच बाकाकडे वळली. दिवाळीच्या सुट्टीला ती घरी गेली. तिच्या वडिलांना पत्र गेलं की पुढच्या सत्रापासून जागा नाही. मॅट्रिकला चार महिने राहिले होते. गृहस्थ पुढे पुष्कळ वर्षं कमिटीवर होते. निरोप समारंभात त्यांना शाल दिली.

मैत्रिणींनो, मी हे आज सांगते आहे याचं कारण रडगाणं गायचं नाही. ती गोष्ट तिथे कशी वापरली गेली आणि ती मुळात काय आहे, यातलं अंतर मला दाखवायचं आहे. मी पुढे शिक्षिका झाले, रविवारच्या शाळेतही शिकवलं, आणि ही गोष्ट शिकवायची वेळ आली तेव्हा पुस्तक उघडून सावकाश वाचली. पहिली गोष्ट अशी लक्षात आली की दहाही जण आधी ओरडले. लांबून, मोठ्याने. त्यांना कोणी 'गप्प बसा, आहे त्यात समाधान माना' म्हटलं नाही. बरं होण्याची सुरुवातच ओरडण्यापासून झाली. आणि ते नऊ? त्यांना सांगितलं होतं याजकाकडे जा, ते गेले! दिलेल्या हुकमाप्रमाणेच वागले. येशूला वाईट वाटलं, त्याने विचारलं. पण त्यांचा रोग त्यांना परत दिला नाही. दिलेलं काढून घेतलं नाही. आमच्या बोर्डिंगच्या कमिटीने जागा काढून घेतली. तेव्हा ती कमिटी त्या गोष्टीत कुठे बसते ते तुम्हीच ठरवा.

आणि पुढचं पान उलटलं की अठरावा अध्याय सुरू होतो. तिथे एक विधवा आहे. गावात एक न्यायाधीश, त्याला देवाची भीती नाही आणि माणसांची पर्वा नाही. ही बाई रोज त्याच्या दारात जाते, माझा न्याय कर म्हणून. तो टाळतो. ती पुन्हा जाते. शेवटी तो वैतागून म्हणतो, हिचा न्याय करून टाकतो, नाहीतर ही येऊन येऊन मला जेरीला आणेल. मूळ ग्रीकमध्ये तिथे कुस्ती-ठोशांच्या खेळातला शब्द आहे, डोळ्याखाली ठोसा मारणे. येशू ही गोष्ट कशासाठी सांगतो? प्रार्थना कशी करावी, खचू नये, हे शिकवण्यासाठी. आणि गोष्ट संपताना प्रश्न विचारतो तो विश्वासाबद्दल. म्हणजे दारात धरणं धरून बसलेली बाई हा विश्वासाचा नमुना!

दीड हजार उपदेशांत मी ही विधवा एकदाही ऐकली नाही. सतरावा अध्याय वर्षातून सात वेळा, अठरावा कधीच नाही. पान उलटायला असा कितीसा वेळ लागतो?

एकदा हे दिसलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. मार्कच्या सातव्या अध्यायातली ती सुरफुनीकी बाई घ्या. आपल्या आजारी मुलीसाठी येते, येशू तिला आधी नाही म्हणतो, आणि ते जरा लागेल असंच म्हणतो. ती वाद घालते, कुत्र्यांनासुद्धा मेजाखालचा चुरा मिळतो की. आम्हाला यातून शिकवलं ते नम्रतेचं: बघा, ती चुऱ्यावर समाधानी होती. अहो, ती समाधानी असती तर परत गेली नसती का? ती त्याच्याच शब्दाने त्याला पेचात पकडते. मत्तय सांगतो की येशूने तिचा विश्वास मोठा म्हटलं. वाद घालण्याला त्याने विश्वास म्हटलं. हन्नाचंही तसंच. मंदिरात ओठांतल्या ओठांत प्रार्थना करते तर एली याजकाला वाटतं ही दारू प्यायली आहे. ती त्याला तिथल्या तिथे सुनावते. आणि स्तोत्रसंहिता बघा, दीडशे स्तोत्रं, त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश गाऱ्हाणी आहेत. देवाच्या तोंडावर केलेली. चॅपलमध्ये गायला मात्र आम्हाला स्तुतीची तेवढी वेचून दिलेली.

विश्वासाबद्दल थोडं. 'विश्वास ठेव' हे वाक्य बहुतेक वेळा चौकशी थांबवायला वापरतात. ज्या हिब्रू धातूतून 'आमेन' येतो त्यातूनच विश्वासाचाही शब्द येतो, त्याचा अर्थ पक्कं, भार टाकला तरी न ढळणारं. खांबासारखं. मग प्रश्न असा की भार टाकणाऱ्या मुलीची परीक्षा घ्यायची का खांबाची? मराठीत तर सोय आणखी चांगली आहे. संस्था चालवणाऱ्यांना आपण 'विश्वस्त' म्हणतो. विश्वास मुलींनी ठेवायचा आणि विश्वस्तांनी तो सांभाळायचा, अशी ही विभागणी आहे. पहिल्या अर्ध्यावर दीड हजार उपदेश होतात, दुसऱ्या अर्ध्यावर एकही नाही.

इथे पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्यांच्याएवढं परक्यांकडून कोणी घेतलं नसेल आणि घेऊनही एवढी ताठ मान कोणी ठेवली नसेल. १८८३ साली इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. ज्या सिस्टर्सनी आसरा दिला त्यांच्याशीच त्यांचे वाद झाले. त्रैक्याच्या सिद्धांतावरून झाले, श्रद्धेचं ठरावीक सूत्र म्हणण्यावरून झाले. चेल्टनमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली आणि रमाबाईंनी तीही मुकाट मानली नाही. ही पत्रं १९७७ साली पुस्तकरूपाने छापली गेली आहेत, इंग्रजीत आहेत, जरूर वाचा. त्यांत उपकाराची भाषा करणारी माणसं आहेत आणि कृतज्ञ असूनही न वाकणारी एक पंचविशीतली मराठी विधवा आहे.

१८८७ साली बॉस्टनला त्यांच्यासाठी मंडळ निघालं, त्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत, मुली आपणहून येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यातल्या सल्लागार मंडळींनी, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर होते, राजीनामे दिले आणि पुष्कळ मुली घरी नेल्या गेल्या. त्यात कोणाचं चुकलं हा वाद शंभर वर्षं चालू आहे, मी त्यात आज शिरत नाही. मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग हॉस्पिटलात बायकांची काय दशा होते, तिथे नेलेल्या आपल्या एका मुलीचं काय झालं, हे रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून छापलं. सरकार इंग्रजांचं, मिशनचा सारा आधार त्या सरकारच्या छायेत. तरी लिहिलं. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टनी आरोप नाकारले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. प्रत्येक घासाला देवाचे आभार मानणारी बाई, आणि आपल्या ताब्यातल्या मुलीसाठी सरकारवर जाहीर तक्रार करणारी बाई, एकच. आमच्या चॅपलमध्ये रमाबाईंचा फोटो होता. प्लेगचं पत्र कोणी सांगितलं नाही.

आणि त्याच्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे. चौदा वर्षांची मांगाची मुलगी. तिचा निबंध 'ज्ञानोदय'ने छापला, मिशनऱ्यांच्या पत्राने. ती थेट देवाला विचारते की आमचा धर्म कोणता ते तरी सांग. शाळेत घेतल्याबद्दल गुणगान करून ती थांबली असती तर तिचं नावही आज उरलं नसतं.

काही मैत्रिणी म्हणतील, हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं. तर बोर्डिंगमधून सुटका झाली म्हणून उपकारातून झाली असं होत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी नवऱ्याच्या मारहाणीने अर्धमेली होऊन पाळकांकडे गेली. ते म्हणाले, बाळ, सर्व स्थितीत देवाचे उपकार मान, विश्वास सोडू नकोस. कायदाही त्याच सुरात गात होता. १८६९ चा घटस्फोट कायदा ख्रिस्ती लोकांना लागू. नवऱ्याने नुसता व्यभिचार दाखवला की त्याला पुरे. बायकोने व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून देणं असं दुसरं काहीतरी सिद्ध करायचं. नुसतं मारलं हे कारणच नाही! १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने त्या कलमाला धक्का दिला, आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. एकशे बत्तीस वर्षं. तो बदल मागत फिरणाऱ्या बायांमध्ये चर्चमधल्या बायका होत्या, आणि त्यांना काय ऐकावं लागलं असेल ते मी सांगायला नको.

वारशाचं तेच. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. मेरी रॉय कोर्टात गेल्या आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा बाजूला सारला. त्या स्वतः कोट्टायमला शाळा चालवणाऱ्या बाई होत्या. २०२२ मध्ये वारल्या. त्यांना आपल्याच समाजातून किती विरोध झाला! गंमत अशी की बायबलमध्ये, गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायात, सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या जमिनीचा वाटा मागतात आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. या पाच बहिणींवरही मी उपदेश ऐकलेला नाही.

आता एक अवघड मुद्दा, आणि तो टाळून चालणार नाही. माझे काही नातेवाईक मला म्हणतात, ताई, आज दिवस कसे आहेत, मिशनच्या वसतिगृहांकडे लोक कसे बघतात, आणि तू घरातली धुणी चव्हाट्यावर धुतेस. माकडाच्या हाती कोलीत देतेस. त्यांची भीती खोटी नाही. ज्यांना आमच्या मुलींशी काही देणंघेणं नाही ते आमच्या मुलींच्या गोष्टी फार आवडीने सांगतात. पण ऊसतोडीवाल्याच्या त्या मुलीला गप्प करायलाही हेच कारण दिलं होतं, शाळेचं नाव जाईल. बाहेर शत्रू आहे म्हणून आतल्या मुलीने सोसायचं, हा हिशेब कधी संपतच नाही. आणि आश्रमशाळा, सरकारी वसतिगृहं, देवस्थानांची अनाथालयं, इथे उपकाराची वही नाही असं कोणी म्हणत असेल तर तिने हात वर करावा. कोणी नाही ना? मला वाटलंच.

मागच्या वर्षी एका मुलींच्या वसतिगृहात उपकारस्तुतीच्या रविवारी मला बोध करायला बोलावलं. मी अठरावा अध्याय घेतला. विधवेची गोष्ट सांगितली. मग म्हटलं, प्रश्न विचारा. चॅपलमध्ये प्रश्न विचारायची रीत नसते, मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी सातवीतली एक उभी राहिली आणि म्हणाली, 'मॅडम, न्याय मिळाल्यावर त्या बाईने न्यायाधीशाला थँक्यू म्हटलं का?' मी म्हटलं, पुस्तकात लिहिलेलं नाही, तुला काय वाटतं? ती म्हणाली, 'नसेल म्हटलं. ते तर त्याचं कामच होतं.' मागे बसलेल्या अधीक्षिकाबाई खूप वेळ हसत होत्या. चांगल्या बाई आहेत, आज इथे आल्या आहेत.

कामाचं बोलून थांबते. २०१२ चा पोक्सो कायदा तुम्हा सगळ्यांना लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाने दडवलं तर त्याला शिक्षा जास्त आहे. 'कमिटीला विचारून सांगते' हे उत्तर त्यात बसत नाही. १०९८ हा नंबर स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराबाहेर लिहा, ऑफिसात नको, ऑफिसात मुली येत नाहीत. साबण-तेलाचं वाटप एका माणसाच्या हाती आणि बंद खोलीत असू नये.

देणगीदारांना जाणारी पत्रं मुलींनी मनाने लिहावीत, फळ्यावरून उतरवू नयेत. आम्ही दोन वसतिगृहांत हे करून पाहिलं आहे. देणगी कमी झाली नाही. एका पत्रात मुलीने लिहिलं होतं की भात रोज कच्चा असतो, तर तिकडून उत्तर आलं की मोठा कुकर केवढ्याला मिळतो ते कळवा. त्या पत्रांच्या नकला, मुलींची नावं काढून, मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणाआधी वाचा. दुपारच्या सत्रात तक्रारवही कुणाच्या ताब्यात असावी यावर बोलायचं आहे, आणि त्यावर आपलं एकमत होणार नाही याची मला आत्ताच खात्री आहे.